युरियाच्या पोत्यातला मोल

कळमेश्वर तालुक्यातल्या कपाशी-संत्र्याच्या घरांतली मुलं नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात पहिल्यांदा मोल शिकतात. ६.०२२ × १०²³ हा आकडा चौकटीत लिहिला जातो आणि पाठ होतो. अकरावीत रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात तो पुन्हा येतो, तेव्हा हुशार पोरंही अडखळतात. त्यांचा यात दोष नाही. मोल लागतोच कशाला, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

दाखवायला खत पुरेसं आहे. युरियाचा एक मोल ६० ग्रॅम भरतो, अमोनियम सल्फेटचा १३२ ग्रॅम. वजन दुपटीहून जास्त, तरी नत्र दोन्हींत २८ ग्रॅमच, कारण दोन्हींच्या सूत्रात नायट्रोजनचे अणू दोनच. तराजूला अणू मोजता येत नाहीत. वजनावरून त्यांची संख्या काढायची सोय म्हणजे मोल. २०१९ पासून तर त्याची व्याख्याच थेट ६.०२२१४०७६ × १०²³ या संख्येवर बेतलेली आहे.

आता ४५ किलोचं पोतं घ्या. ४५,००० ग्रॅमला ६०ने भागलं की ७५० मोल युरिया. मोलामागे २८ ग्रॅम नत्र, म्हणजे २१ किलो. पोत्यावर छापलेल्या ४६ टक्क्यांनी २०.७ किलो येतं. छापील टक्केवारी कुठून आली, हे मुलाला स्वतःच्या हिशेबातून कळतं.

पुढचा घोळ एककांचा. शिफारस हेक्टरी असते, घरात बोलणं एकराचं. समजा, हेक्टरी ६० किलो नत्र द्यायचं आहे. त्याला सुमारे १३० किलो युरिया लागेल, हेक्टरमध्ये २.४७ एकर, म्हणून एकरी साधारण ५३ किलो. हेक्टरचा आकडा एकरावर टाकला, तर खत अडीचपट होतं, कपाशी नुसती पाल्यावर जाते आणि रसशोषक किडी वाढतात. नत्राचे ६० किलो युरियाचे समजले, तर पिकाला निम्म्याहून कमी मिळतं.

म्हणून तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझा आग्रह आहे : सूत्र पाठ करून घेण्याआधी खताचं रिकामं पोतं वर्गात आणा. प्रत्येक पायरीवर एकक लिहायला लावा, वरची-खालची सारखी एककं छाटू द्या आणि उरलेलं एकक हवं तेच आहे का, हे तपासायची सवय लावा. चाचणीत एककाला वेगळा गुण ठेवा. एवढं झालं, तर मोलची भीती नववीतच जाईल आणि घरच्या खताचा हिशेब मुलगीही बापाइतक्याच विश्वासाने मांडेल.