कोणी ऐकत नसताना

1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरली होती. तीत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा गायला बसला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी. कुमार गंधर्व हे नाव त्याला त्याआधीच मिळाले होते. नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून तो त्यांचे गाणे हुबेहूब गात असे. हरकत तीच, आवाजाचा लगाव तोच. भल्याभल्यांनी माना डोलावल्या. उभी हयात गाण्यात घालवून एखाद्याला मिळावी तेवढी दाद त्याला मिसरूड फुटण्याआधीच मिळाली.

पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्या कौतुकाकडे आपण निर्धास्तपणे पाहतो. पण त्या दिवशी सभागृहातल्या कुणी विचारले असते की या मुलाचे स्वतःचे गाणे कोणते, तर उत्तर कुणाजवळही नव्हते. हाच प्रश्न आज कितीतरी घरांत येऊन बसला आहे. मूल पेटीवर पहिला सूर धरायच्या आत समोर फोन धरलेला असतो. शाळेचे गॅदरिंग, गणेशोत्सवातली स्पर्धा, वाहिनीवरचा कार्यक्रम अशी चढण लहानपणीच सुरू होते. मोठ्यांचेही वेगळे नाही. सहल, बढती, आजारपण, घरातले कुणी गेल्याचे दुःखसुद्धा चार लोकांना दिसेल अशा बेताने मांडले जाते. आणि मग तिशी-पस्तिशीतली चांगली कर्तबगार माणसे सांगतात की आपण सतत काहीतरी करून दाखवतो आहोत, पण त्यात आपण कुठे आहोत ते कळत नाही.

यावर दोन सल्ले नेहमी दिले जातात. पहिला असा की मंच सोडा, लोकांची दाद हे व्यसन आहे, एकटे बसा म्हणजे खरे काय ते सापडेल. दुसरा याच्या अगदी उलट. माणूस चारचौघांतच घडतो, पाहणाऱ्याशिवाय व्यक्त होण्याला अर्थ नाही. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात रोजच्या वागण्याला नाटकाचीच परिभाषा लावून दाखवली. नोकरीत, पाहुण्यांपुढे, दवाखान्यात आपण वेगवेगळ्या भूमिका वठवतो, आणि आत स्वयंपाकघरात गेलो की चेहरा बदलतो. त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण ते नुसते तोलत बसून हाती काही लागत नाही. ज्यांच्या आयुष्यात हा पेच खरोखर उभा राहिला, त्यांच्याकडे पाहिले तर थोडे उलगडते.

कुमारजी देवधर मास्तरांच्या शाळेत आले. बी. आर. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पण एका घराण्याला बांधून न घेतलेले. तिथे अनेक तऱ्हांचे गाणे कानावर पडत होते. अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारजींना तालीम मिळाली. 1947 मध्ये भानुमतीबाईंशी लग्न झाले. त्याच सुमारास क्षयाने गाठले. हवापालटासाठी 1948 च्या सुरुवातीला हे दांपत्य माळव्यातल्या देवासला गेले. डॉक्टरांनी गाणे बंद केले, आणि ते सुमारे पाच वर्षे बंदच राहिले. ज्याच्या गळ्याकडे आख्खा देश कान लावून बसला होता तो ऐन पंचविशीत खाटेवर पडून होता, आणि त्याला गुणगुणण्याचीही मुभा नव्हती. भानुमतीबाई शिकवण्याची नोकरी करत होत्या. घर त्यावर चालत होते.

त्या काळात कुमारजींनी ऐकले. माळव्यातल्या बायका लग्नात, सणावारी, पावसाळ्यात जे गात ते ऐकले. नाथपंथी, फिरस्ते कबीर गात जात ते ऐकले. या गाणाऱ्यांपैकी कुणी मैफलीसाठी गात नव्हते. त्या धुनांची नोंद कुमारजी करत राहिले, आणि बरे झाल्यावर त्यांतूनच मालवती, लगनगांधार, सहेली तोडी असे धुनउगम राग आकाराला आले. 1965 साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा बंदिशींचा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा महाराष्ट्राला कळले की हा माणूस आजारपणात काय काय साठवत होता.

परत आलेले गाणे वेगळे होते. छोटे छोटे तुकडे, अचानक उसळणारी हाक, मध्येच बोलकी स्तब्धता. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते. कुणी म्हणाले, दमसास उरला नाही म्हणून असे गातात. कुणी म्हणाले, घराण्याची शिस्त मोडली. पहिल्या आक्षेपात खरेपणा आहे, तो नाकारू नये. शरीराने मर्यादा घातली होती. पण मर्यादा आली म्हणून कुणी कबीर असा गात नाही. उरलेल्या श्वासात काय मांडायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले होते, आणि ते ठरवायला त्यांना एक असा काळ मिळाला होता ज्यात कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे नव्हते.

इथून ‘पाच वर्षे गप्प बसा म्हणजे तुम्हीही सापडाल’ असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. तो मला अजिबात पटत नाही. त्या काळी क्षयाने कित्येक गळे कायमचे मिटवले. गप्प बसल्याने आपोआप काही उगवत नाही. कुमारजींच्या मौनामागे दहा वर्षांची कसून घेतलेली तालीम होती, लहानपणी केलेल्या नकलांनी तयार झालेला कान होता, आणि बाहेर जाऊन कमावणारी बायको होती. या तिन्हींपैकी शेवटच्या गोष्टीचा उल्लेख आपण फार घाईने उरकतो. अंतर्मुख व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळेची किंमत बहुतेकदा घरातले दुसरे कुणीतरी मोजत असते.

अन्नपूर्णादेवींचे उदाहरण तर अधिकच अवघड आहे. मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी. तिचे सूरबहार ज्यांनी ऐकले ते त्याविषयी भक्तिभावाने बोलत. 1950 च्या दशकात तिने जाहीर वादन थांबवले आणि 2018 मध्ये मुंबईत निधन होईपर्यंत ते पुन्हा सुरू केले नाही. घरात साधना आणि शिष्य, एवढेच ठेवले. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे आले तेव्हा बासरीवादक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. शिकायचे तर पाटी कोरी करून, ही अट मान्य आहे हे दाखवण्यासाठी आपण बासरी धरण्याची बाजूच बदलली, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. ज्याला टाळ्या मिळत होत्या त्याने टाळ्या मिळवणारा हातच बाजूला ठेवला. गुरूच्या घरी मंचावरचे नाव दाराबाहेर राहते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

पण अन्नपूर्णादेवींचे मौन ही मुक्ती होती की जखम? पंडित रविशंकरांशी झालेल्या विवाहातल्या ताणाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि त्याबद्दल एकवाक्यता नाही. त्या मौनाला आपण तपश्चर्या म्हणून हात जोडतो. एखाद्या पुरुष कलावंताने असेच वाद्य मिटून ठेवले असते तर त्याला कुणी भाग पाडले ते आपण आधी विचारले असते. स्वतःहून मंच सोडणे आणि मंचावर जागा न उरणे बाहेरून सारखेच दिसते. म्हणून ‘मंच सोडा’ असे सरसकट सांगणाऱ्याने आधी समोरच्याला तो मिळाला होता का, ते पाहावे.

जात्यावरच्या ओव्यांबद्दलही हेच म्हणता येईल. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला हात लावायच्या, मूठमूठ दाणे वैरायच्या आणि गायच्या. आईबद्दल, भावाबद्दल, सीतेच्या वनवासाबद्दल, पंढरीच्या विठ्ठलाबद्दल, सासरी सोसलेल्या गोष्टींबद्दल. दाद देणारे कुणी नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचताना वाटते की मराठीत याहून निखळ बोलणे नसेल. पण तीच बाई दिवस उजाडल्यावर सासऱ्यापुढे आवाज चढवू शकत नव्हती. ओवीतला निखळपणा खरा, आणि जात्याखेरीज दुसरी जागा नव्हती हेही खरे. शिवाय त्या ओव्या आपल्यापर्यंत पोचल्या त्या कुणीतरी शेजारी बसून ऐकल्या म्हणूनच. ऐकणारा शत्रू नसतो.

मंचाची बाजू घेताना आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. 1911 साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. त्यांच्या निष्ठेपुढे मान झुकतेच. कदाचित त्या रात्री उभे राहण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याजवळ नसेल, कदाचित भूमिकेनेच त्यांना सावरले असेल. कलावंताला असा आधार मिळतो, हे मंचाच्या बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे आहे. पण ही गोष्ट आपण मुलांना कित्ता म्हणून गिरवायला देतो तेव्हा मला भीती वाटते. स्वतःचे दुःख बाजूला सारून दुसऱ्यांना रिझवणे हा एका थोर नटाचा त्या एका रात्रीचा निर्णय होता. दहा वर्षांच्या मुलाने ताप असताना स्पर्धेची फेरी चुकवू नये, एवढ्यासाठी ती गोष्ट वापरायची नसते.

याच बालगंधर्वांची पदे पुढे कुमारजींनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात गायिली. लहानपणी कुणाचाही आवाज जसाच्या तसा काढणाऱ्या या गवयाला बालगंधर्वांची नक्कल सहज जमली असती. त्यांनी ती केली नाही. पदे बालगंधर्वांची होती आणि आवाज कुमारांचा होता. हे सगळे भरल्या सभागृहात, तिकीट काढून आलेल्या रसिकांपुढे झाले. म्हणजे स्वतःचा सूर सापडल्यावर मंच आड येत नाही.

मग तो सापडतो कुठे? मैफलीआधीची बाजूची खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचा अंदाज येईल. तानपुरे जुळवायचे असतात. गवई भोपळ्याशी कान नेऊन बसतो. खुंटी किंचित पिळतो, मणी केसभर खाली सरकवतो, घोडीवर तारेखालचा दोरा बोटाने हळूच पुढेमागे करतो. तार नुसती वाजत असते, आणि मग दोरा नेमक्या जागी आला की जवारी खुलते आणि खर्जातून गांधार ऐकू येऊ लागतो. बाहेर लोक खोळंबलेले असतात. आयोजक दोनदा डोकावून जातो. तरी ही वेळ कुणी कमी करत नाही. कुमारजी तर तानपुऱ्यांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. त्या खोलीत दाद नसते, गुण नसतात, फक्त लागलेला किंवा न लागलेला सूर असतो. आता फोनवरचा तानपुरा बोटाच्या एका टिचकीने सुरू होतो. तानपुऱ्यांची जोडी परवडत नाही अशा मुलांची त्याने मोठी सोय झाली, तिला नावे ठेवणे चुकीचे होईल. मात्र कान लावून थांबण्याचा तो वेळ त्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही.

माझे मत इथे येऊन ठरते. मंच वाईट नाही, दादही वाईट नाही. आयुष्यात जिथे कुणी मोजत नाही अशी एकही जागा न उरणे वाईट आहे. आणि ती जागा ज्याची त्याने निवडलेली हवी, कुणी ढकललेली नको.

मुलांच्या बाबतीत ही जागा आपण मोठ्या माणसांनीच बुजवत आणली आहे. बालकलाकारांसाठी 2017 च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नको म्हटले, आणि कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायला सांगितले. हे आवश्यकच होते. पण कायदा तास आणि पैसे मोजू शकतो, बाकीचे नाही. शास्त्रीय संगीत-नृत्याच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे कितीतरी मुले तबल्या-पेटीपाशी आली, हे मान्यच केले पाहिजे. त्याच गुणांमुळे दहावी संपताच कितीतरी पेट्या माळ्यावर गेल्या, हेही आपण आजूबाजूला पाहतो.

म्हणून गायन-वादनाचे वर्ग चालवणाऱ्यांना विनंती आहे की आठवड्यातला एक तास असा ठेवा ज्यात फोन बाहेर राहतील आणि परीक्षेच्या अभ्यासक्रमातले काहीही गायचे नाही. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी मूळ गाण्याशी किती जुळले यावर लहान मुलांना गुण देणे थांबवावे. आणि पाहुणे आल्यावर मुलाला गायला सांगण्याआधी आईवडिलांनी त्याला आत नेऊन एकदा विचारावे, तुला आत्ता गायचे आहे का. तो नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडावा आणि पाहुण्यांना चहा द्यावा.