घोडी नापास झाली तेव्हा

रक्तदाब वाढण्याची कारणे मी रोजच ऐकतो. जेवणातले मीठ, जागरण, चुकलेली गोळी, मुलाच्या नोकरीची काळजी. यंदा दत्तजयंती उलटल्यावर मात्र ७१ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला अपरिचित कारण सांगितले. त्यांचा रक्तदाब १७२/९६ भरला होता. एरवी वरचा आकडा १४०च्या आत असतो. सून सांगत होती, "नाना चार दिवस नीट जेवलेले नाहीत." नाना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला काही झालेले नाही. घोडी नापास झाली, एवढेच."

खानदेशातील वाचकांना संदर्भ लगेच लागेल. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तेथील घोडेबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. नानांच्या वडिलांकडे घोडी होती. वडील गेले, दावण रिकामी झाली. पुढे नोकरी, मुलांची शिक्षणे आणि पत्नीचे दीर्घ आजारपण यांत पन्नास वर्षे निघून गेली. निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला टाकून यंदा त्यांनी घोडी घेण्याचे ठरवले होते. मळ्यात तबेला उभा राहिला, कडबा भरला, खरारा आणि तोबरा आणला. बाजारात एक कुमैत घोडी मनात भरली. भोवरे शुभ, डोळा शांत, स्वभाव गरीब. मुलाच्या आग्रहामुळे सौदा पक्का करण्यापूर्वी पशुवैद्यांची तपासणी झाली, आणि तेथेच घोडे पेंड खाऊ लागले.

ही तपासणी आपल्या आरोग्यतपासणीहून फार निराळी नसते. दातांवरून वयाचा अंदाज घेतात, डोळे पाहतात, हृदय व फुप्फुसे ऐकतात. विश्रांतीत माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. मोठ्या घोड्याची साधारण २८ ते ४४. मग खूर दाबून पाहतात, कठीण जमिनीवर चालवतात, दुडकी धाववतात. पायाचा सांधा मिनिटभर दुमडून धरतात आणि सोडल्याबरोबर पुन्हा धाववतात. लपलेले दुखणे असेल तर ते त्या पावलांत उमटते. ही घोडी पुढचा डावा पाय टेकताना दर वेळी मान वर झटकत होती. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे तेथील वेदना लपत नाही. क्ष-किरण चित्रात खुराच्या आतील होडीच्या आकाराच्या लहानशा हाडात झीज दिसली. विशेष नालबंदी व औषधे यांनी हा विकार आटोक्यात ठेवता येतो. समूळ बरा होणे मात्र कठीण. पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले, की रोजच्या रपेटीसाठी आणि नातवाला बसायला शिकवण्यासाठी ही घोडी घेऊ नये.

हे सर्व ऐकून मी काय म्हणालो? "बरे झाले, नाना. वेळीच कळले. पैसे वाचले." वाचकहो, हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष होते आणि तरीही ते चुकले. नानांचा चेहरा माझ्यासमोर मिटला. त्यांनी रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यायची एवढेच विचारले आणि ते उठले.

दाराशी त्यांची सून थांबली. म्हणाली, "रोज पहाटे उठून रिकामा तबेला झाडून येतात." तेव्हा माझ्या लक्षात आले, की नाना पैशांसाठी किंवा त्या जनावरासाठीच केवळ हळहळत नव्हते. घोडीबरोबर काही सकाळी यायच्या होत्या. पहाटे उठण्याचे प्रयोजन, हाताला काम, नातवाशी बोलायला विषय. पत्नी गेल्यानंतर प्रथमच त्यांनी उद्याचा दिवस मनात रंगवला होता, आणि तो उद्याच नाकारला गेला. शिवाय तिशीतल्या माणसाला "पुढच्या यात्रेत पाहू" म्हणणे सोपे असते. सत्तरीत पुढची यात्रा हा शब्द जड होतो.

म्हणून आपल्या घरातील ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्यांना माझी पहिली विनंती अशी, की त्यांचा अपेक्षाभंग आपल्या दृष्टीने लहान असला तरी त्याला तर्काने उत्तर देऊ नका. "या वयात हवे कशाला?" हे वाक्य तर कधीच उच्चारू नका. त्याऐवजी विचारा, "घोडी कशी होती?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. निराशेचे वर्णन करता आले की तिचा भार हलका होतो, हे मी तीस वर्षांच्या व्यवसायात वारंवार पाहिले आहे.

दुसरी गोष्ट ज्येष्ठ वाचकांसाठी. तपासणीतील नकार हा आपल्या पारखीवरचा ठपका नव्हे. आपण डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते. घोडी देखणी व गरीबच होती. हाडातील झीज डोळ्यांना दिसत नाही. पशुवैद्य जनावर चांगले की वाईट हा निवाडा देत नाहीत. ते ठरलेल्या कामाला योग्य आहे काय, एवढेच सांगतात. मीही नोकरीसाठी तंदुरुस्तीचे दाखले देतो. एखाद्याला उंचावरचे काम नाकारतो तेव्हा तो माणूस टाकाऊ ठरत नाही.

तिसरी गोष्ट शरीराची. निराशेच्या काळात औषधे चुकतात, पाणी कमी पोटात जाते, झोप तुटते. मधुमेह व रक्तदाब त्याचा फायदा घेतात. म्हणून आठ-दहा दिवस गोळ्यांची डबी घरातील दुसऱ्या व्यक्तीने तपासावी. छातीत दुखणे, धाप लागणे यांना "मनाला लागले आहे" म्हणून घरी थांबवू नये. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ दुर्बल होऊ शकतो, विशेषतः वयस्क स्त्रियांत. खिन्नता, अन्नावरची वासना जाणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना भेटावे. जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर एक दिवसही थांबू नये. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.

चौथी गोष्ट व्यवहाराची. निराशेच्या भरात, पाठोपाठ दिसलेले दुसरे जनावर घेऊ नये. तसेच "किंमत कमी करतो" या बोलण्याला भुलून नाकारलेलेही घेऊ नये. निदान पंधरा दिवस जाऊ द्यावेत. पुढील वेळी इसार देताना, तपासणीत दोष आढळल्यास रक्कम परत मिळेल, हे लिहून घ्यावे. पशुवैद्य आपण निवडलेले असावेत आणि जनावराकडून कोणते काम घेणार, हे त्यांना आधीच सांगावे.

पुढच्या वेळी नाना आले तेव्हा मी गोळ्यांविषयी बोललो नाही. "घोडी कशी होती?" असे विचारले. ते वीस मिनिटे बोलले. बाहेर रांग वाढत होती. शेवटी त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, पुढच्या दत्तजयंतीला मी असेन ना?"

असे वचन कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही, आणि खोटे बोलायचे नाही असे मी ठरवले होते. मी म्हणालो, "ते माझ्या हातात नाही. पण त्या दिवशी बाजारात पायी फिरता येईल असा रक्तदाब आणि असे गुडघे राखणे हे आपल्या दोघांच्या हातात बरेच आहे." हाडांची घनता तपासायचे ठरले, कारण या वयात घोड्यावरून पडणे महागात पडते. धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी घेतला, ते त्यांना आठवेना. घोड्यांच्या लिदीत व तबेल्याच्या मातीत त्या रोगाचे जंतू असतात आणि प्रौढांनी दर दहा वर्षांनी ही लस घ्यावी असे सांगितले जाते. त्यांनी तेथेच बाही वर केली.

तूर्त ते गावातील एका टांगेवाल्याच्या घोडीला रोज सकाळी खरारा करायला जातात. नातूही सोबत असतो. स्वतःचा तबेला अजून रिकामा आहे. तोही ते झाडतातच. रक्तदाब गेल्या भेटीत १४४/८६ होता. माझ्या मते तो अजून थोडा उतरायला हवा.