केळीला विमा, मग घराच्या पत्र्यांचं काय?

यावल : मे-जूनचं वादळ आलं की आपल्याकडे आधी केळीचं बघतात. केळीच्या विम्यावर किनगाव-साकळीच्या पारावर तासभर चर्चा रंगते. घराचे पत्रे उडाले तर मात्र सगळी मदार तलाठ्याच्या पंचनाम्यावर.

ती मदत किती? केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,०००. एवढ्यात पत्रे आणि मजुरी भागते का, तुम्हीच सांगा.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. आग, वीज, वादळ, पूर त्यात येतात. विमा बांधकामाच्या खर्चावर असतो, जागेच्या भावावर नाही. गृहकर्ज असेल तर बँकेने विमा आधीच काढलेला असू शकतो. पासबुकात हप्ता कापलाय का बघा.

खरी अडचण दाव्याच्या वेळी येते. धाब्याच्या घराची भिंत बसली की सर्व्हेअर विचारणार, पावसानं पडली की आधीच खिळखिळी होती? नुसत्या झिजेची भरपाई मिळत नाही. म्हणून पावसाळ्याआधीच घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. नुकसान झालं की लगेच कंपनीला कळवून दावा नंबर घ्या. ताडपत्री टाका, पण आधी व्हिडिओ काढा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत मलबा हलवू नका. पंचनाम्याची प्रतही मागून घ्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.