ग्रीसचे हात आणि पदवी

घरच्या अंगणात गाडीचा क्लच बदलणे हा काही महाविद्यालयीन अंकाचा विषय नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. मला मात्र त्यात शिक्षणाचाच प्रश्न दिसतो.

आमच्या चिकलठाण्याला यंत्रे परकी नाहीत. येथे औद्योगिक वसाहत आहे. जालना रस्त्याने पुढे गेले की शेंद्रा लागते. तेथे 2001 पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात. 2010 साली याच शहरातील मंडळींनी एकदम 150 मर्सिडीज घेतल्या आणि देशभर गाजावाजा झाला. गाड्या जोडणारे आमचे, घेणारेही आमचेच. पण गाडी उघडून दुरुस्त करणाऱ्याला मान किती?

त्याचे काम पाहा. इंजिनाचा जोर चाकांकडे पोचवायचा आणि हवा तेव्हा तोडायचा, हे क्लचचे काम. तो बदलायचा तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. स्पोर्ट्स कार जमिनीलगत, त्यामुळे खाली हात जायलाही जागा नसते. खरी परीक्षा गिअरबॉक्स परत चढवताना. क्लचप्लेट नेमकी मध्यावर बसली नसेल, तर शाफ्ट तिच्या खाचांत शिरतच नाही. मग बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेण्याचा मोह होतो. तसे केले तर प्लेट वाकते, नाहीतर गिअरबॉक्सचा कान तुटतो. जाणता कारागीर शाफ्ट किंचित फिरवतो, जॅक केसभर वर-खाली करतो, आणि गिअरबॉक्स आपसूक टेकल्यावरच समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळतो. तर्कशास्त्रात आपण कार्यकारणभाव पाठ करतो. येथे तो हातांना कळतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरचे म्हणतात, "शिकतोस ना, मग पान्याला हात लावू नको." त्यामागची माया मला कळते. काळ्या हातांना काय ऐकून घ्यावे लागते, ते त्यांनी सोसले आहे. पण शिक्षण म्हणजे हात स्वच्छ ठेवणे एवढाच अर्थ उरला, तर शिकून आम्ही आपल्याच माणसांपासून तुटणार. जातिव्यवस्थेने नुसती कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून वेगळी केली, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. तीच वाटणी आता पदवीच्या नावाने आपण चालवायची काय?

कोणी म्हणेल, घरी असले उद्योग धोक्याचे. खरे आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. भक्कम स्टँड हवेतच. म्हणून तर हे जाणकाराजवळ बसून शिकायचे.

माझी सूचना साधी आहे. आपल्या महाविद्यालयाने वर्षातून एकदा एखाद्या मेकॅनिकला व्याख्याता म्हणून बोलवावे. इतर पाहुण्यांना मिळतो तोच हार, तेच श्रीफळ त्यालाही द्यावे. आणि त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्यांत आमचे प्राध्यापकही असावेत.

— द्वितीय वर्ष, कला