पक्कं घर, कच्चा हिशोब

मे महिन्यातला वीकेंड कुणी यवतमाळ जिल्ह्यात घालवतं का? मी घालवला. मामाचं गाव मारेगाव तालुक्यात. बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि आजीच्या मातीच्या खोलीत मी दुपारी चक्क घोरत होतो. एसी नाही, काही नाही! दीड फूट जाड भिंतीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरातली मंडळी मात्र रात्री अंगणात खाटा टाकून. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी उष्णता खाली सोडतो ना!

आणि मामा म्हणतो, हे घर पाडायचं.

झालं, माझ्यातला पर्यावरणवादी जागा झाला. सिमेंटसाठी चुनखडी साधारण १४५० अंशांवर भाजतात. इंधनाचा धूर होतोच, पण खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के! वर गांधीजीही आणले. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला १९३६ मध्ये त्यांचं घर बांधलं तेव्हा अट होती : सामान आसपासचंच, खर्च ५०० रुपयांच्या आत.

मामा हसला. ''अरे, मुकुटबनले २०२२ पासून सिमेंटचा कारखाना सुरू हाय. आपल्याच जिल्ह्यात. आता सिमेंटबी लोकलच झालं!''

बोलती बंद.

मग आजी म्हणाली, ''तुले गारवा गोड लागते बाप्पा. पण सारवते कोण?''

बॉस, हा प्रश्न माझ्या हिशोबात नव्हताच. सणावाराला शेण-माती, पावसाळ्याआधी भिंतींची डागडुजी. वांदरं कवेलू फोडतात आणि ते नीट लावून देणारा माणूस मिळत नाही. चाळीस वर्षं आजीच्या हातांनी हे घर 'सस्टेनेबल' ठेवलंय, तेही फुकट. शिवाय मामेभावाचं लग्न जमवायचंय. पाहुणे आधी भिंती बघतात. आणि मातीचा आंधळा रोमान्सही नको. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड घरांखाली हजारो माणसं गेली.

म्हणजे प्रश्न माती की सिमेंट हा नाहीच. सिमेंट कुठे आणि किती, हा आहे.

रात्री वही घेऊन बसलो. उभ्या असलेल्या भिंतींसाठी नव्याने काहीच भाजावं लागत नाही, म्हणून त्या राहू द्यायच्या. पावसाचं पाणी उडतं तिथे खाली दगड, वर छप्पर थोडं पुढे. वांदरांसाठी टीन, पण त्याखाली उन्हासाठी बांबूची चटई आणि मातीचा थर. सिमेंट फक्त न्हाणीघर, ओटा आणि नव्या खोलीला. त्या खोलीला विटाही राखेच्या. औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून बनतात, भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. एक चूक मात्र टाळायची : मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर. ओल आत अडकते आणि भिंत आतून खचते.

मामा वही घेऊन गवंड्याकडे गेलाय. अजून 'हो' म्हणालेला नाही, पण पाडायचंही थांबलंय.

सारवण्याचं काय? दिवाळीत मी येतो, असं बोलून बसलोय. आजीचा विश्वास नाही. म्हणाली, ''ऑफिसातून सुट्टी भेटन त खरं!''

साहेब, वाचताय ना?