२१ कामांचा चाकू, आणि कामाचा एकही नाही



यंदा आवणीच्या ऐन धांदलीत माझ्या चुलत भावाने मोबाईलवरून एक चाकू मागवला. किंमत २९९ रुपये. जाहिरातीत ‘२१-इन-१’. पातं, करवत, पक्कड, कातर, टोच्या, बाटली उघडायचं, डबा उघडायचं, माशाचे खवले काढायचं, वर एक होकायंत्र. भिवंडी तालुक्यात ज्याला आपल्या बांधावरून घरी जायला होकायंत्र लागतं, त्याने शेती सोडलेली बरी.

चौथ्या दिवशी तो बांधावर खताची गोणी फोडत होता. पातं शिवणीत रुतलं. सोडवायला त्याने हिसका दिला आणि पातं उलटं मिटलं ते थेट बोटांवर. त्या पात्याला लॉक नव्हता आणि मुठीतली कमान इतकी ढिली होती की पातं धरूनच ठेवेना. चार टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जखम भरेपर्यंत चिखलात हात घालायचा नाही, लेप्टोचा धोका आहे. आवणीत पंधरा दिवस एक माणूस घरी बसला म्हणजे काय, हे भातवाल्यांना सांगायला नको. रोपं म्हातारी व्हायला लागली आणि दुप्पट मजुरी देऊन माणसं शोधावी लागली. २९९ चा चाकू आम्हाला काही हजारांना पडला.

गंमत पुढे आहे. पार्सलवरचा पत्ता बघितला तर गोदाम भिवंडीचंच. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, जिथे जाल तिथे पत्र्याची शेडं. त्यातल्या कितीतरी जागी पूर्वी भात होतं, कापणीनंतर उडव्या रचलेल्या असायच्या. म्हणजे आपलंच शेत भराव टाकून गोदाम झालं, आणि त्याच गोदामातून आपल्याला ‘शेतकऱ्यांसाठी खास’ म्हणून खेळणं विकलं जातंय. गोदामात काम करणाऱ्या पोरांवर राग नाही, ती आपलीच पोरं आहेत. राग आहे तो आपल्या डोक्यावर. बैल घेताना दात बघतो, बियाणं घेताना लॉट नंबर बघतो आणि चाकू घेताना फक्त आकडा मोजतो. २१ म्हणजे ११ पेक्षा चांगला!

माझं म्हणणं एकच आहे. घरी जाऊन हत्यार आणेपर्यंत जे काम थांबू शकत नाही, तेवढ्याच कामाचं हत्यार खिशात असावं. बाकी सगळं घरच्या पेटीत.

हा विचार माझ्या पदरचा नाही. ज्यांच्या चाकूची नक्कल करून ही खेळणी निघतात, त्यांनीही असाच हिशेब केला होता. स्वित्झर्लंडचे कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्या चाकूत किती वस्तू होत्या? चार. पातं, टोच्या, डबा उघडायचं आणि स्क्रू ड्रायव्हर. शिपायाला डब्यातलं अन्न खायचं होतं आणि बंदूक खोलायची होती, म्हणून एवढंच. तिकडे अमेरिकेचे टिम लेदरमन १९७५ मध्ये जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होते. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता पण पक्कड नव्हती. त्या अडचणीतून पक्कडवालं हत्यार तयार झालं आणि १९८३ मध्ये बाजारात आलं. दोघांनीही आधी काम बघितलं, मग हत्यार केलं. आपल्याकडे आधी डबी भरतात आणि मग काम शोधतात.

त्या स्विस कंपनीचं एक मॉडेल आजही ‘फार्मर’ नावाने विकलं जातं. त्यात मोठं पातं, करवत, टोच्या आणि दोन उघडणी, बास. कातर नाही, होकायंत्र तर नाहीच. ते महाग आहे, घ्याच असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याच्या नावाने चाकू करताना त्यांनी काय ठेवलं आणि काय काढलं, एवढं तरी बघा.

मग आपल्या शेतात न थांबणारी कामं कोणती?

पहिलं, जनावराच्या गळ्यातली दोरी. म्हैस दाव्याला गुंडाळून पडली, नायलॉनची दोरी आवळली, तर गाठ सुटत नाही. तिथे हातात धारदार पातं पाहिजे, आणि ते एका हाताने उघडता आलं पाहिजे, कारण दुसरा हात जनावरावर असतो. मळणी यंत्रात कुणाचा पदर किंवा उपरणं ओढलं गेलं तर आधी यंत्र बंद करायचं, मग कापड कापायचं. इथे चाकू घरी असून उपयोग नाही.

दुसरं, ड्रिपची नळी. भेंडीला पाणी चालू आहे आणि १६ मिलिमीटरची लॅटरल उंदराने कुरतडली, तर खराब तुकडा काढून जोड टाकायचा. काप सरळ आला नाही तर जोड गळतो. बोथट पात्याने नळी चेपते आणि काप वाकडा येतो.

तिसरं, तार आणि क्लॅम्प. कुंपणाची तार पिळायला, फवारणी पंपाचा क्लॅम्प आवळायला पक्कड लागते. तुमच्याकडे कुंपण आणि पंप जास्त असेल तर पक्कडवालं घ्या. नसेल तर ते वजन उगाच खिशात नको.

चौथं, पीक तपासणं. याकडे आपण सर्वांत कमी बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भातात पोंगा वाळलेला दिसला की आपण लगेच दुकानात जातो. आधी तो पोंगा ओढून बघा. सहज हातात आला तर खोडकिड्याचा संशय. मग ते खोड बुंध्यापासून उभं चिरा, आत अळी किंवा तिची विष्ठा दिसते. निसवल्यावर पांढरी पळींज दिसली तरी हेच करा. वांगं किंवा टोमॅटो हिरवं असतानाच अचानक मान टाकतं तेव्हा बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा तिरपा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूजन्य मर. मग बुरशीनाशक ओतून पैसे घालवण्यात अर्थ नाही. एका चिरेत औषधाचा खर्च वाचतो. पण चीर स्वच्छ पाहिजे. बोथट पात्याने खोड चेंदलं तर आत काय होतं ते कळतच नाही.

आता कृषीतज्ज्ञ मित्रांना एक नम्र तक्रार. शेतीशाळेत तुम्ही कीड ओळखायला शिकवता, पण चाकू कसा धरायचा आणि रोगट झाड कापल्यावर पातं स्पिरिटने पुसायचं, हे कोण सांगणार? रोगट टोमॅटो कापून त्याच पात्याने शेजारचं निरोगी झाड कापलं तर रोग आपणच खिशातून फिरवतो.

खिशातल्या चाकूने जे करायचं नाही

‘सगळ्याला एकच चाकू’ हे ऐकायला बरं वाटतं, पण शेतात ते घातक आहे.

एक. कीटकनाशकाची पुडी ज्या पात्याने फोडली, त्याच पात्याने बांधावर काकडी, कांदा कापू नका. पात्यापेक्षा बिजागरीच्या खाचेत औषध जास्त राहतं, आणि ते पुसून निघत नाही. औषधासाठी वेगळी जुनी कातर ठेवा आणि ती फवारणीच्या पेटीतच राहू द्या.

दोन. फवारणीचा नोझल चोंदला तर टोच्या घालू नका. भोक मोठं होतं, मग थेंब मोठा पडतो, औषध जास्त जातं, आणि आपण म्हणतो औषधात दम नाही. पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने साफ करा. तोंडाने फुंकणं तर अजिबात नको.

तीन. मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नका. या चाकूंची मूठ धातूची असते, पक्कडीच्या दांड्यांना विजेपासून संरक्षण देणारं आवरण नसतं. ओल्या जमिनीवर उभं राहून असल्या हत्याराने फ्यूज काढणं म्हणजे मरणाला आमंत्रण. त्याला वायरमन बोलवा.

चार. कलम करायला हा चाकू नको. कलमाच्या चाकूची धार वेगळी, तो दुसऱ्या कशाला वापरायचाच नाही.

पाच, आणि हे मोठ्याने वाचा. साप चावला तर चाकू काढून दंशावर चीर देऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठलाही असो. चिरेने विष बाहेर येत नाही, रक्त मात्र जातं आणि जखम चिघळते. माणसाला शांत ठेवा, दंशाचा हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट दवाखान्यात न्या. तिथे तुमचा चाकू नाही, प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन कामाला येतं.

घेताना दुकानात काय बघायचं

शक्यतो हातात घेऊन बघता येईल असाच घ्या.

पातं उघडून डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखड झाली तर ठेवून द्या. लॉक असेल तर बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबा. मिटायला लागलं तर तो लॉक नाही, शोभा आहे. लॉक नसलेला चाकूही चालतो, पण त्याची कमान कडक पाहिजे आणि त्याने फक्त कापायचं, भोसकायचं किंवा उचकटायचं नाही.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोकाला जबड्यात फट दिसली तर ती बारीक तार धरणार नाही.

करवतीचे दात बोटाने हळूच तपासा. नुसते पत्र्यावर ठोकून उठवलेले दात ओली फांदी कापत नाहीत, तिच्यात अडकतात.

मुठीला दोरी ओवायला भोक आहे का बघा आणि त्यात लाल दोरी घाला. चिखलात पडलेला काळा चाकू पुढच्या नांगरटीलाच सापडतो.

आणि स्टेनलेस म्हणजे गंजत नाही, हा गैरसमज काढून टाका. कमी गंजतं, एवढंच. आपल्याकडचा पावसाळा, खाडीकाठची खारी हवा आणि खताचे हात, यात तेही गंजतं. संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, पुसा, बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं.

आता जुन्या जाणत्यांचा सवाल

आमचे काका म्हणतात, “कमरेला कोयता असताना ही खिशातली चिमणी कशाला?” काकांचं अर्धं बरोबर आहे. फांदी तोडायला, बांबू चिरायला, काट्या छाटायला कोयत्याला तोड नाही. ट्रकच्या जुन्या पाट्याचं लोखंड, लोहाराने ठोकून पाणी दिलेलं, बोथट झालं की पाजवायचं आणि फारच झिजलं तर पुन्हा भट्टीत. एक कोयता दोन पिढ्या चालतो. त्या २१-इन-१ ला धार गेली की कचरा.

पण काका, कोयत्याने पोंगा चिरता येत नाही आणि नळी सरळ कापता येत नाही. शिवाय बाजारात, एसटीत, तहसीलला कोयता घेऊन जाता येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, हे खरं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतो, तेव्हा चाकूच काय, काठीसुद्धा त्यात येते. आदेश लागू असताना चाकू घरी ठेवा. बटण दाबून उघडणारे, कवटीचं चित्र असलेले चाकू तर पोरांना घेऊनच देऊ नका. ते शेतीचं हत्यार नाही, आणि पोलिसाला ते पटवून देता येणार नाही.

तर माझा हिशेब असा: कमरेला लोहाराचा कोयता, औषधाच्या पेटीत वेगळी कातर, घरी कलमाचा चाकू आणि विजेच्या कामाचा आवरण असलेला पाना, आणि खिशात एक चांगलं पातं. फार तर त्याला करवत किंवा पक्कड. २९९ चे तीन चाकू टाकून देण्यापेक्षा एकदाच बरा चाकू घ्या आणि उरलेले पैसे लोहाराला द्या. त्याची भट्टी विझली तर पाजवायला कुणाकडे जाणार? पार्सल परत घेणारे येतील, पाणी देणारा येणार नाही.

भावाची बोटं आता बरी आहेत. करंगळी पूर्ण मिटत नाही, कापणीत विळा धरताना जाणवतं म्हणतो. तो चाकू मी फेकला नाही, पडवीत खिळ्याला टांगून ठेवलाय. घरात कुणी मोबाईलवर ‘इन-१’ बघायला लागलं की त्याकडे बोट दाखवतो.

तुमच्या खिशात काय आहे आणि त्याने खरंच कोणतं काम होतं, ते सांगा. आकडा सांगू नका, काम सांगा.