खापर काळाच्या माथी

धंदा बुडाला की काळाच्या माथी खापर फोडायचे, ही आपली जुनी खोड. काळ बिचारा उलटून बोलत नाही!

ॲमस्टरडॅमच्या ॲशर पेढीचेच पाहा. घराण्याच्या नावाने १८५४ साली निघालेली ही हिरे घडविणारी पेढी. दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली सापडलेला ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा योसेफ ॲशरने १९०८ साली फोडला. पहिल्या घावाला पातेच मोडले, असे सांगतात. त्यातले दोन सर्वांत मोठे हिरे इंग्लंडच्या राजदंडात आणि राजमुकुटात जाऊन बसले. योसेफचे नाव झाले; पण नंतर महिनोन् महिने चाकाशी बसून ज्यांनी त्यांना पैलू पाडले, त्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली आहेत?

पुढे ॲमस्टरडॅमचा धंदा बसला. हिशेबी मंडळी म्हणतात, मंदी आली, अँटवर्पची मजुरी स्वस्त पडली. हे खोटे नाही. पण अर्धेच सत्य आहे, आणि तेही सोयीचे. तिथले बहुसंख्य हिरेकारागीर ज्यू होते. १८९४ साली त्यांनी संघ उभारला, १९११ साली आठ तासांचा दिवस मिळवला. १९४० साली नाझी फौजा आल्या आणि हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले. पेढीचे प्रमुख अब्राहम ॲशर छावणीतून जिवंत परतले. त्यांचे बहुतेक कारागीर परतले नाहीत. चाके पुन्हा विकत मिळाली असती. पिढ्यांनी घडविलेला हात कोणत्या बाजारात मिळतो? १९८० साली पेढीला 'राजेशाही' पदवी मिळाली. नाव राहिले, शहराचा तो धंदा गेला तो गेलाच.

आज जगातले बहुतेक हिरे आपल्या शेजारी सुरतेत घडतात आणि मुंबईत त्यांचा मोठा व्यवहार होतो. मागणी घटली, प्रयोगशाळेतल्या हिऱ्याने भाव पाडला, की पहिली कुऱ्हाड कारागिरावर. त्याला 'रत्नकलाकार' म्हणायचे, मंदीत घरी बसवायचे, आणि तेजी आली की कसबी हात मिळत नाहीत म्हणून गळा काढायचा! हत्याकांडाची आणि मंदीची बरोबरी करणे पाप होईल. पण कारागीर गेला की धंदा जातो, हा धडा दोन्हीकडे एकच. ॲमस्टरडॅमचे हात शत्रूने नेले. सुरतेचे गेले, तर ते आपल्याच बेफिकिरीने गेलेले असतील. तेव्हा तरी काळाला दोष देऊ नका.